सतरा नंबरची सावड

संध्या पगारेला गप्प वर्ग सहन होत नाही. विद्यापीठ तिला नव्या केंद्रचालकांच्या प्रशिक्षणाला बोलावतं, समोर पंचवीस जण पंचवीस कॉम्प्युटरपुढे शहाण्यासारखे माना खाली घालून बसलेले असतात, आणि या बाईच्या कपाळावर आठ्या पडतात. "शेजारच्याच्या पडद्यात डोकवा की जरा," असं ती म्हणते. नवी माणसं बुचकळ्यात पडतात. त्यांना जन्मभर मास्तरांनी बजावलेलं असतं की शेजाऱ्याच्या वहीत बघाल तर हात लाल होतील, आणि इथे ही सातपूरची बाई उलटंच सांगते. कुणी कारण विचारलं तर ती हसते आणि म्हणते, जेवणाच्या सुट्टीत सांगेन. मग जेवणाची सुट्टी संपते, पण हिचं सांगणं संपत नाही.

सांगायला ती सुरुवात करते थेट खंडेनवमीपासून. साल एक्क्याण्णव. सातपूरच्या कारखान्यांत त्या दिवशी यंत्रांची पूजा असते आणि कामगारांच्या बायकामुलांना गेटच्या आत सोडतात. धोंडीराम पगारे, म्हणजे संध्याचे वडील, तिथे लेथवर टर्नर होते. ते बौद्ध; यंत्रापुढे हात जोडायचे नाहीत, पेढ्याला मात्र कधी नाही म्हणायचे नाहीत. त्या वर्षी ते तेरा वर्षांच्या संध्याला घेऊन गेले, कारण त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या दालनात, कॉम्प्युटरवर चालणारं नवं यंत्र आलं होतं. झेंडूच्या माळांखाली यंत्राचा छोटासा हिरवा पडदा चमकत होता. ऑपरेटर भला माणूस होता. त्याने संध्याला एक बटण दाबू दिलं, आणि तो म्हशीएवढा लोखंडी डोलारा मुकाट्याने वीतभर सरकला.

बस्स. मुलगी त्या दिवसापासून कामातून गेली. घरी येऊन तिने ही गोष्ट कॉलनीतल्या प्रत्येक दारात सांगितली, आणि सांगता सांगता त्या वितेचं अंतर हातभर झालं. आई सुमनबाई म्हणाल्या, आता ही स्वयंपाकघरात टिकायची नाही. खरंच टिकली नाही. बारावीनंतर टायपिंग झालं, मग एका कॉम्प्युटरपुढे चौघं बसवणारा क्लास झाला, बीए झाली, कुठे कुठे दिवसभर नावं-पत्ते भरायची कामं केली. आणि दोन हजार दोन साली विद्यापीठाच्या एका संशोधन प्रकल्पात क्षेत्र सहायक म्हणून तिची नेमणूक झाली. ते पत्र तिने वडिलांना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा धोंडीराम म्हणाले, "पोरी, पाठ झालं मला."

प्रकल्पाचा प्रश्न साधा होता. खेड्यातल्या मुलांना कॉम्प्युटर दिले तर ती त्यावर काय शिकतात, किती शिकतात? त्यासाठी नाशिक जिल्ह्यात सहा गावं निवडली. प्रत्येक गावात तीन कॉम्प्युटर आणि विद्यापीठाने बनवलेले अकरा धडे. प्रत्येक मुलाला एक नंबर. मुलाने आपला नंबर टाकून बसायचं; कोण किती मिनिटं बसलं आणि कुठला धडा पुरा झाला याची नोंद यंत्र आपोआप ठेवणार. प्रकल्पप्रमुख होत्या डॉ. आशा क्षेमकल्याणी. मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ बांधणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांच्या हाताखाली संशोधन अधिकारी होते किशोर आहेर. आकड्यांवर या माणसाचा इतका जीव की रजेच्या अर्जालासुद्धा ते तक्ता जोडत.

संध्याकडे दोन गावं होती. त्यातलं करवंदवाडी तिचं लाडकं. इगतपुरीच्या डोंगरातला हा वीस-बावीस उंबऱ्यांचा पाडा, भात आणि नागली पिकवणारा. वर्षभर पाहणी झाली. दोन हजार तीनच्या जूनअखेर तिथे कॉम्प्युटर पोहोचवताना जीप ओढ्यापाशी अडली, तेव्हा तिने स्वतः एक मॉनिटर डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला होता. बालवाडीची खोली ठरली. तिची किल्ली शेजारच्या अक्काबाईकडे ठेवली. ही म्हातारी पाड्यातलं सगळं जमवणारी आणि सगळं लक्षात ठेवणारी होती. बावीस मुलांनी नावं दिली. पाय धुतल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, हा नियम मुलांनीच केला. एक कॉम्प्युटर सारखा अडून बसायचा. त्याला मुलांनी झिपरू नावाच्या शेतकऱ्याच्या अडेल बैलाचं नाव दिलं. झिपरूला ते कळलं आणि तो मुद्दाम बघायला आला. त्याच्या समोरच यंत्र अडलं तेव्हा तो खूश होऊन गेला.

संध्या तिथे बुधवारी आणि शनिवारी जायची. पहिल्याच दिवशी तिने मुलांना बजावून बजावून सांगितलं होतं, आपल्या नंबरावर आपण बसायचं, एकट्याने बसायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. संशोधनाची ती अटच होती. शनिवारी ती नोंदींची फ्लॉपी काढून घ्यायची, ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि चारच्या शेवटच्या जीपने घोटी गाठायची. इगतपुरीच्या पावसात आपण भिजलो तरी चालेल, फ्लॉपी भिजता कामा नये. कधी कधी फ्लॉपीला चपातीचा वास यायचा, त्यावरून किशोर सर नाक मुरडायचे.

आठवड्याभरात जुलै उजाडला आणि आवणी लागली. वाफ्यातली भाताची रोपं उपटून चिखलाच्या खाचरात लावायची, महिनाभर कुणाला पाठ सरळ करायला उसंत नाही. मुलंही आईबापांबरोबर खाचरात. संध्या दिवसा जायची तेव्हा खोली रिकामी, अक्काबाईसुद्धा शेतावर. किल्ली चौकटीच्या वरच्या खोबणीत असायची. ती गुपचूप फ्लॉपी घ्यायची आणि परतायची. मुलं संध्याकाळी बसत असतील, असं तिने धरून चाललं होतं.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी किशोर सरांनी तिला बोलावलं. टेबलावर करवंदवाडीच्या नोंदींचा, प्रिंटरमधून निघालेला भोकाभोकांचा लांब कागद पसरला होता. त्यावर जागोजाग लाल शाईने एकच शब्द लिहिला होता: अशक्य.

आणि खरंच, ते आकडे बघून कुणीही तेच म्हटलं असतं. एका दिवशी फक्त तीन नंबरचं मूल बसलं, त्याने एका बैठकीत सहा धडे संपवले, आणि एकही उत्तर चुकलं नाही. त्यानंतर ते मूल परत फिरकलंच नाही. दुसऱ्या दिवशी फक्त अकरा नंबर. पुन्हा सहा धडे, पुन्हा चूक नाही. तिसऱ्या दिवशी आणखी कुणी. असं दोन-अडीच आठवडे. बाकीच्या गावांतली मुलं धडपडत, चुकत, रोज थोडं थोडं पुढे सरकत होती. करवंदवाडीत मात्र रोज एक नवा पंडित जन्माला यायचा आणि दुसऱ्या दिवशी गायब व्हायचा.

किशोर सर चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "पगारे मॅडम, हे घरी बसून भरलंत का?"

संध्याने कागद स्वतःकडे ओढला. तिने सांगितलं की ती बुधवारी आणि शनिवारीच तिथे असते आणि चार वाजता शेवटची जीप सुटते. सर म्हणाले, म्हणजे उरलेल्या वेळात तिथे काय चालतं ते तुम्हालाच ठाऊक नाही. ते खरं होतं. मग त्यांनी पुढचं सांगितलं. पुढच्या वर्षी सहापैकी चारच गावं ठेवायची होती. दोन गावांतले कॉम्प्युटर उचलून दुसरीकडे न्यायचे होते. सोमवारी समितीची बैठक होती, आणि उचलायच्या यादीत करवंदवाडीचं नाव पहिलं होतं.

ती तो कागद घेऊन तशीच क्षेमकल्याणी मॅडमच्या खोलीत गेली. एक आठवडा मागितला. मॅडमनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं. "शनिवारी मी स्वतः येते," त्या म्हणाल्या. "तोवर काय ते शोधून ठेवा. मला सबब नको, कारण हवं."

घरी आल्यावर तिने सगळं बापासमोर ओतलं. धोंडीराम दुसऱ्या शिफ्टला निघायच्या तयारीत चहा पीत होते. त्यांना त्या आकड्यांत काही वावगं वाटेना. शॉपमधल्या साळव्याचा हात मोडला होता तेव्हा त्याचे नग आम्हीच काढून देत होतो, ते म्हणाले, मशीनवर कार्ड मात्र त्याचंच. आणि बशीतला शेवटचा घोट घेऊन ते बूट घालायला उठले. संध्या तिथेच बसून राहिली. मग ताडकन उठली आणि पिशवीत एक जादा साडी भरली. या वेळी ती चारच्या जीपने परत येणार नव्हती.

बुधवारी संध्याकाळी ती करवंदवाडीत अक्काबाईच्या ओसरीवर बसून होती. सहाला लाइट आली. पाठोपाठ खाचरातून माणसं परतली. मुलांनी पाय धुतले, पाण्यात दिवसभर राहून त्यांच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या, आणि सगळीच्या सगळी बालवाडीच्या खोलीत घुसली. संध्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत तीनपैकी एकच कॉम्प्युटर चालू होता. त्याच्यापुढे मंगळू नावाचा दहा वर्षांचा मुलगा माउस धरून बसला होता, आणि त्याच्याभोवती उरलेली सगळी पोरं. काही मांडीला मांडी लावून, काही गुडघ्यांवर, मागे उभी असलेली खांद्यांवरून वाकलेली. गोंगाट तर असा की कौलं उडावीत. "आरं तो नाय, त्याच्या खालचा." "थांब, आधी बेरीज कर." "मंग्या, घाई नको करू." प्रत्येक प्रश्नावर भांडण होत होतं, भांडण मिटल्याशिवाय मंगळूला उत्तर द्यायची परवानगी नव्हती, आणि मिटलं की उत्तर बरोबर यायचं.

आधी संध्याचं डोकं भडकलं. एकट्याने बसायचं म्हणून घसा कोरडा केला होता तिने. पण ती तोंड उघडणार तेवढ्यात लाइट गेली आणि कॉम्प्युटर विद्यापीठाने दिलेल्या बॅटरीवर चालू राहिला. तेव्हा तिला एक गोष्ट उमगली. तीन यंत्रं चालवली तर बॅटरी पाऊण तासात मान टाकते. एक चालवलं तर अडीच तास पुरते.

अक्काबाई मागे येऊन उभी राहिली होती. संध्याने तिला विचारलं, आज मंगळूच का? अक्काबाईला प्रश्नच समजेना.

"आज मंगळूच्या खाचरात आवणी व्हती ना बाई. मंग सावड त्याचीच."

सावड म्हणजे काय हे संध्याला तिथल्या वर्षभराच्या येण्याजाण्यात ठाऊक झालं होतं. आज सगळा पाडा तुझ्या खाचरात राबणार, उद्या सगळा पाडा माझ्या. मजूर लावायची ऐपत कुणाची नाही, आणि एकट्या घराने आवणी उरकायची नाही, म्हणून ही जुनी रीत. ज्याचं खाचर, रोपांची पहिली मूठ त्याच्या हातची, मग बाकीचे. मुलांनी तीच रीत उचलून कॉम्प्युटरवर आणली होती. दिवसा ज्या घराची आवणी, संध्याकाळी त्या घरच्या मुलाचे धडे. नंबर त्याचा, माउस त्याच्या हातात, डोकी सगळ्यांची. बाकीच्यांनी माउसला हात लावायचा नाही.

संध्या ओसरीवर परतली. तिने पिशवीतून तो भोकाभोकांचा कागद काढला आणि ओसरीवर कंदिलाशेजारी पसरला. अक्का, पहिल्या दिवसापासून सांगा, ती म्हणाली, कुणाची आवणी कधी झाली. पाड्याची सावड अक्काबाईच ठरवायची. तिला कागद लागत नव्हता. ती बोटांची पेरं मोजत सांगत गेली. पहिल्या दिवशी झिपरूची. झिपरूच्या मुलीचा नंबर तीन; कागदावर पहिल्या दिवशी तीन. दुसऱ्या दिवशी भिकाची. भिकाच्या मुलाचा नंबर अकरा, कागदावर अकरा. ज्या घरात दोन मुलं, तिथे त्या दिवशी दोन नंबर, निम्मे निम्मे धडे. चौथा दिवस जुळला, पाचवा जुळला. संध्या प्रत्येक ओळीवर खूण करत होती. मग चौदा तारीख आली. कागदावर त्या दिवशी काहीच नव्हतं, एकही नंबर नाही. तिने विचारलं, त्यानंतर कुणाची?

"त्या दिशी नाय कुणाची," अक्काबाई म्हणाली. "पाड्यात मयत झाली व्हती. आवणी बंद व्हती."

संध्या उठून उभी राहिली. खंडेनवमीच्या दिवशी तो लोखंडी डोलारा सरकला होता तेव्हा झाला होता तसा आनंद तिला झाला, आणि तिने अक्काबाईला घट्ट मिठी मारली. म्हातारीच्या अंगाला चिखलाचा आणि तपकिरीचा वास येत होता. किशोर सरांचा तो अशक्य कागद म्हणजे सबंध पाड्याच्या आवणीचा दिवसवार हिशोब होता, आणि विद्यापीठात तो कुणालाच वाचता आला नव्हता. तिलासुद्धा नाही. ती खोलीत गेली, मंगळूशेजारी जागा करून घेतली आणि दोन प्रश्नांवर मुलांशी कडाकडा भांडली. एका प्रश्नात हरली.

शनिवारी विद्यापीठाची जीप चिखलात दोनदा रुतून एकदाची करवंदवाडीत पोहोचली. आवणी संपली होती. मंगळूचं खाचर शेवटचं होतं. संध्याने सगळं सांगितलं, कागद दाखवला, अक्काबाईकडून सावड पुन्हा वदवून घेतली. मॅडम ऐकता ऐकता पुढे सरकून बसल्या. चौदा तारखेच्या रिकाम्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

किशोर सर मात्र सहज हार मानणारे नव्हते, आणि त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, कोणाच्या नंबरावर कोण बसलं ते कळलं. पण शिकलं कोण? बावीसजण एकत्र ओरडले तर त्यात दोन हुशार आणि वीस नुसते ओरडणारे नसतील कशावरून? त्यांनी तिथल्याच कॉम्प्युटरवर नोंदी उघडल्या आणि शेजारी नावांची यादी धरली. एकवीस नंबरांपुढे धडे भरलेले होते. एक नंबर संपूर्ण कोरा होता.

"सतरा," ते म्हणाले. "जुलैभरात शून्य मिनिटं. मॅडम, खरंच सगळे शिकले असतील तर हिलाच बसवू. एकटीला."

संध्याने यादीतला तो नंबर पाहिला. बुधवारच्या आनंदाच्या भरात तिने कागदावर जे होतं तेच जुळवलं होतं. जे नव्हतं ते तिने पाहिलंच नव्हतं. सतरा नंबर म्हणजे पायल, कुसाबाईची बारा वर्षांची नात. बुधवारी ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती, एवढंच तिला आठवत होतं. मॅडमनी मान हलवली. बाकीच्या मुलांना ओसरीवर काढलं. संध्याला आत थांबायला परवानगी मिळाली, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. या एका मुलीवर आता तीन कॉम्प्युटर ठरणार होते.

परीक्षेत दोन गोष्टी होत्या. दिलेले पावसाचे आकडे तक्त्यात भरून त्यांचा आलेख काढायचा, आणि एक अर्ज टाइप करायचा. पायल खुर्चीवर बसली. तिने माउस धरला, आणि पडद्यावरचा बाण सुसाट जाऊन कोपऱ्यात अडकला. तिने तो ओढून आणला, तो दुसऱ्या कोपऱ्यात गेला. तिने माउस उचलून हवेत फिरवला. किशोर सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. दाराच्या फटीतून भिकाच्या मुलाचा डोळा दिसत होता. पाच मिनिटं गेली आणि तक्ता अजून उघडला नव्हता. संध्याला आत्ता कुठे कळलं की या मुलीने आजवर माउस हातात धरलेलाच नाही. सुरुवातीच्या आठवड्यात तिची पाळी आली नव्हती, आणि नंतर सावड ज्याची, माउस त्याचा. हिची सावड कधी आलीच नव्हती. तिला जाऊन त्या पोरीचा हात धरावासा वाटत होता, आणि तिने स्वतःचाच हात धरून ठेवला.

पायल थांबली. तिने डोळे मिटून घेतले, उघडले आणि उठून उभी राहिली. उजवा हात माउसवर ठेवून ती जरा मागे सरली, रोज भिंतीशी उभी असायची तशी. मग ती बोलायला लागली. हळू आवाजात, पण स्पष्ट.

"डावीकडं घे. सावकाश. अजून. आता खाली. थांब. दाब."

ती स्वतःच्या हाताला सांगत होती. महिनाभर तिने एकवीस मुलांच्या हातांना असंच सांगितलं होतं, आणि आता बाविसावा हात तिचं ऐकत होता. तक्ता उघडला. "पयले गावाची नावं. मग आकडं. घाई नको करू." आकडे भरले गेले, आलेखाचे खांब एकामागून एक उभे राहिले. मध्ये एक आकडा चुकला तेव्हा ती हाताला रागावली, "बघून लिही ना," आणि तो दुरुस्त केला. अर्धा आलेख होईपर्यंत बोलणं कमी कमी होत गेलं, आणि शेवटी थांबलं. हात एकटाच चालायला लागला होता. मग ती खाली बसली.

अर्ज तिने वीज कार्यालयाला लिहिला. संध्याकाळी सहा ते आठ लाइट द्यावी, म्हणजे बाकीचे दोन कॉम्प्युटरपण चालतील आणि आम्हाला दाटीवाटीत बसावं लागणार नाही, असं त्यात होतं. खाली नाव आणि नंबर सतरा. किशोर सरांनी वहीतलं आपलं आधीचं वाक्य खोडलं. संध्या रडत होती, आणि ते लपवण्याच्या भानगडीत ती पडली नाही.

मॅडम खुर्ची ओढून पायलजवळ बसल्या. त्यांनी विचारलं की तुला इतकं सगळं येतं, मग तुझ्या नंबरावर एकदाही का बसली नाहीस? पायलने आधी संध्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. इतकी साधी गोष्ट यांना कशी ठाऊक नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"माझं खाचर नाय," ती म्हणाली. "मग माझी सावड कशी येईल?"

कुसाबाई आणि तिची नात पाड्यातल्या प्रत्येक खाचरात राबल्या होत्या, कारण सगळेच राबतात. त्यांच्या घरी राबायला जायला खाचरच नव्हतं. यात कुणाचं काही चुकलंय असं पाड्याला कधी वाटलं नव्हतं, आणि पायललाही नाही. अक्काबाई दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. सबंध पाड्याची सावड लक्षात ठेवणाऱ्या त्या बाईच्या हिशोबात हे घर कधी आलंच नव्हतं. मग ती मुलांकडे वळली.

"आज पायलची सावड हाय," ती म्हणाली. "चला आत."

मुलं आत घुसली. कुणी कुठे बसायचं हे कुणाला सांगावं लागलं नाही. ती पायलभोवती दाटीने बसली, मंगळू तिच्या अगदी कोपराशी, आणि पायलने सतरा नंबर टाकून पहिला धडा उघडला. लगेच गोंगाट सुरू झाला. "डावीकडं घे." "आधी बेरीज कर." "घाई नको करू." पायलला त्यातल्या एकाही सूचनेची गरज नव्हती. तरी ती प्रत्येकाचं ऐकून घेत होती, आणि मंगळूने चुकीचं सांगितलं तेव्हा त्याच्याशी रीतसर भांडलीसुद्धा. त्या दिवशी नशिबाने लाइट गेली नाही. मॅडमची परतायची वेळ होऊन गेली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, पण जागचं कुणी हललं नाही. सहाव्या धड्यापर्यंत मॅडम स्वतः खाली चटईवर बसल्या होत्या. आठव्या धड्यात किशोर सर एका अपूर्णांकावरून झिपरूच्या मुलीशी वाद घालत होते.

सोमवारच्या बैठकीत करवंदवाडीचं नाव यादीतून निघालं. तीनही कॉम्प्युटर तिथेच राहिले, तो अडेलसुद्धा. पुढच्या वर्षीच्या नोंदीच्या तक्त्यात एक नवा रकाना आला: सोबत कोण बसले होते. तो रकाना सुचवणाऱ्याचं नाव अहवालात क्षेत्र सहायक संध्या धोंडीराम पगारे असं पूर्ण छापलं गेलं, आणि ते पान धोंडीरामांनी कारखान्यात नेऊन साळव्यालाही दाखवलं.

संध्या जेवणाच्या सुट्टीत हे सगळं सांगून झालं की टेबलाच्या खालच्या खणातून एक कागद काढते. भोकाभोकांचा, कडा पिवळ्या पडलेला. त्यावर त्या शनिवारची एकच ओळ आहे. नंबर सतरा, एक बैठक, अकराच्या अकरा धडे, चुका शून्य. आधीच्या कुठल्याही ओळीहून ही जास्त अशक्य. त्या ओळीपुढे किशोर सरांनी त्याच लाल पेनाने, त्याच त्यांच्या आखीव अक्षरात लिहिलंय: मी हजर होतो.